हरलो तरी किती मिळतील? बुद्धिबळावर घर चालवू पाहणाऱ्यांसाठी

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोव्यात बुद्धिबळाचा विश्वचषक झाला. 206 खेळाडू, बक्षिसांची एकूण रक्कम 20 लाख डॉलर. उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव जिंकला आणि 1 लाख 20 हजार डॉलर घेऊन गेला. पेपरात हाच आकडा आला. पहिल्याच फेरीत 78 जण हरून घरी गेले, त्यांना प्रत्येकी साडेतीन हजार डॉलर मिळाले, म्हणजे साधारण तीन लाख रुपये. दुसऱ्या फेरीत हरलेल्यांना सात हजार. या खेळावर जगायचं असेल तर सिंदारोवचा आकडा बाजूला ठेवा आणि त्या 78 जणांचा आकडा बघा. आणि एवढं लक्षात घ्या की ते 78 जणही आपापल्या देशातले अव्वल खेळाडू होते.

माझ्याकडे क्लासला मुलं सोडायला येणारे आईवडील दारातच विचारतात, "सर, यात करिअर आहे का?" मी म्हणतो, प्रश्न बदला. जिंकला तर किती मिळतील ते सगळ्यांना माहीत असतं. हरला तरी किती मिळतील, हे विचारा. बुद्धिबळात ज्यांचं नीट चाललंय, त्यांच्या घराचा हप्ता या दुसऱ्या प्रकारच्या पैशातून जातो. बक्षीस म्हणजे दिवाळीचा बोनस. पुढच्या सगळ्या पायऱ्या हीच फूटपट्टी लावून वाचा.

पहिली पायरी: आपण कुठल्या मजल्यावर आहोत ते बघा

जागतिक संघटना, म्हणजे फिडे, दर महिन्याच्या एक तारखेला रेटिंगची यादी काढते. त्या यादीतला तुमचा आकडा हाच तुमचा बाजारभाव. रेटिंग 1400 पासून सुरू होतं. पूर्वी 1000 पासून व्हायचं, मार्च 2024 मध्ये खालची मर्यादा वर नेली आणि 2000 च्या खालच्या सगळ्यांना थोडं थोडं वर ढकललं. त्यामुळे चुलतभावाचं जुनं 1500 आणि तुमचं आजचं 1500 यांची तुलना करू नका.

2300 ला फिडे मास्टर, 2400 ला इंटरनॅशनल मास्टर, 2500 ला ग्रँडमास्टर. वरच्या दोन किताबांना रेटिंगशिवाय तीन नॉर्मही लागतात, म्हणजे स्पर्धेत त्या किताबाच्या दर्जाची कामगिरी तीन वेळा. ढोबळ हिशेब असा: 2000 च्या खाली बुद्धिबळ खेळायला तुम्ही पैसे देता. 2000 ते 2400 मध्ये शिकवून पैसे मिळतात, खेळून नाही. 2500 च्या आसपास आयोजक तुमची राहण्या-जेवणाची सोय करू लागतात. नुसत्या पटावरच्या कमाईने बरं आयुष्य जगायचं असेल तर 2650 च्या वर जावं लागतं, आणि असे खेळाडू अख्ख्या जगात काही डझनच आहेत. यात थोडं इकडंतिकडं होईल, पण फार नाही.

इथे एक सापळा आहे. आपल्याकडे 'बिलो 1600', 'बिलो 1800' अशा रेटिंग मर्यादेच्या स्पर्धा होतात आणि त्यांची बक्षिसं कधी कधी मोठ्या स्पर्धेतल्या बाराव्या-पंधराव्या नंबरापेक्षा चांगली असतात. मग काही जण रेटिंग मुद्दाम खाली धरून ठेवतात. किरकोळ स्पर्धेत चार डाव सोडायचे आणि मोठ्या बक्षिसाला हात मारायचा. हे उघड उघड लबाडीचं काम आहे, आणि पकडले गेलात तर बंदी येते. लबाडी बाजूला ठेवली तरी धंदा म्हणूनही हा घाट्याचाच सौदा. ज्या आकड्यावर पुढची पंचवीस वर्षं क्लासची फी ठरणार, तोच आकडा तुम्ही एका पाकिटासाठी पाडता.

दुसरी पायरी: एका स्पर्धेचा जमाखर्च लिहा

पालकांना मी एक वही घ्यायला लावतो. डाव्या पानावर खर्च, उजव्या पानावर कमाई. समजा नऊ फेऱ्यांची, आठ दिवसांची ओपन स्पर्धा आहे. प्रवेश शुल्क पाच हजार, जायचं-यायचं रेल्वेचं तिकीट तीन हजार, राहणं-जेवण दिवसाला दोन हजार धरलं तर सोळा हजार. झाले चोवीस हजार. मुलगा लहान असेल तर सोबत एक पालक, त्याची रजा आणि त्याचं ताट वेगळं.

आता समजा पोरगं भारी खेळलं, पंधरावं आलं आणि वीस हजारांचं बक्षीस लागलं. दहा हजारांच्या वरच्या बक्षिसावर आयोजक बहुतेक वेळा तीस टक्के कर आणि त्यावरचा सेस कापूनच पैसे देतात. हातात आले 13,760. म्हणजे आयुष्यातली एक उत्तम स्पर्धा खेळून 10,240 रुपयांचा तोटा. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, तुमच्या गावचे आकडे घालून बघा. चित्र फारसं बदलणार नाही.

प्रॉस्पेक्टस आलं की पहिल्या बक्षिसाचा आकडा ठळक अक्षरात असतो, तो वाचून खाली या. किती नंबरांपर्यंत बक्षीस आहे? समान गुण झाले तर रक्कम वाटून देणार की टायब्रेकवर, म्हणजे बरोबरीतल्यांचे नंबर लावायच्या नियमावर? आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी टायब्रेकवर देतात. मी एकदा सात गुणांवर बाराजणांच्या घोळक्यात सापडलो. बुखोल्झने, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज बघणाऱ्या टायब्रेकने, मला एकोणिसावं केलं आणि बक्षिसं होती अठराव्यापर्यंत. माझ्याइतकेच गुण मिळवलेला, आठव्या नंबरावर गेलेला एक जण रात्री सगळ्यांना बिर्याणी खिलवत होता. मीही खाल्ली.

बक्षिसाची रक्कम बँकेत येईपर्यंत ती आपली नाही, हेही लिहून ठेवा. एका स्पर्धेचा चेक मला चौदा महिन्यांनी मिळाला. तोपर्यंत आयोजकांचा फोन नंबर बदलला होता.

तिसरी पायरी: पगार शोधा

महाराष्ट्रातल्या जुन्या खेळाडूंना विचारा, ते आधी नोकरीचं नाव सांगतात, मग रेटिंग. हा त्यांच्या पिढीचा भित्रेपणा नाही. ज्यांना महिन्याच्या एक तारखेला पगार मिळत होता, तेच चाळिशीपर्यंत धडपणे खेळू शकले. रेल्वे, एलआयसी, तेल कंपन्या, विमानतळ प्राधिकरण, आयकर खातं हे भारतीय बुद्धिबळाचे खरे आश्रयदाते. कोनेरू हंपी ओएनजीसीत, सांगलीची स्वाती घाटे एलआयसीत, अमरावतीचा ग्रँडमास्टर स्वप्निल धोपाडे रेल्वेत. अशा नोकरीत स्पर्धांसाठी खास रजा मिळते. संस्थेच्या संघाकडून खेळायला गेलात तर प्रवास आणि मुक्कामाची सोयही होते. हरलात तरी पगार कापत नाहीत.

राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. पण त्यासाठी कागद लागतात: कोणती स्पर्धा, कोणत्या संघटनेची, कितवा क्रमांक. मग त्या प्रमाणपत्राची क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून पडताळणी. म्हणून आजपासून प्रत्येक राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र, निकालाची प्रत आणि निवडीचं पत्र एका फायलीत लावा. सोळाव्या वर्षीच्या स्पर्धेचा कागद चोविसाव्या वर्षी शोधत फिरणारी मुलं मी पाहिली आहेत. तोवर जिल्हा संघटनेचे सचिव बदललेले असतात आणि जुनी कागदपत्रं कुणाच्या तरी माळ्यावर असतात.

वयाची कमाल मर्यादा आणि पदवी या दोन गोष्टींवर बरेच जण अडकतात. खेळासाठी बारावीनंतर शिक्षण सोडणाऱ्याला मी हात जोडून सांगतो, दूरशिक्षणातून का होईना, बी.ए. कर. पदवी नसेल तर 2450 रेटिंग असूनही कारकुनाच्या जागेसाठी रांगेत उभं राहावं लागतं.

पूर्वीच्या मानाने हे दार आता अरुंद झालंय, तेही मान्य करू. विश्वनाथन आनंद 1988 मध्ये देशाचा पहिला ग्रँडमास्टर झाला. मुंबईचे प्रवीण ठिपसे 1997 मध्ये तिसरे, पुण्याचा अभिजित कुंटे 2000 मध्ये चौथा. तेव्हा ग्रँडमास्टर म्हटला की नोकरी चालून यायची. 2025 च्या जुलैत नागपूरची दिव्या देशमुख ग्रँडमास्टर झाली तेव्हा ती 88 वी होती. त्यानंतर आकडा नव्वदीच्या पुढे गेला. किताब तोच, पण रांग लांबली.

चौथी पायरी: नॉर्मच्या मागे धावण्याआधी

ग्रँडमास्टर नॉर्मसाठी नऊ फेऱ्यांत 2600 च्या दर्जाची कामगिरी लागते, प्रतिस्पर्ध्यांत किमान तीन ग्रँडमास्टर आणि सहसा वेगवेगळ्या देशांचे खेळाडू. इंटरनॅशनल मास्टरसाठी 2450. भारतात अशा स्पर्धा होतात, पण पुरेशा नाहीत. म्हणून पोरं बुडापेस्टला नाहीतर सर्बियाला जातात. तिथल्या दहा जणांच्या बंद गटात प्रवेश शुल्क भरून खेळायचं, आणि त्या शुल्कातून गटातल्या ग्रँडमास्टरांचं मानधन जातं. म्हणजे समोर बसलेल्या माणसाचा हरला तरी मिळणारा पैसा तुमच्या बाबांच्या खिशातून जातो. यात वाईट काही नाही, फक्त माहीत असू द्या.

माझं मत विचाराल तर 2350 च्या खाली असताना परदेशी नॉर्म दौरे करू नयेत. तेवढ्याच पैशात वर्षभर चांगला प्रशिक्षक मिळतो. नॉर्म नंतरही मिळतो. सतराव्या वर्षी कच्ची राहिलेली एंडगेम, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा, मात्र पंचविसाव्या वर्षी सुधारत नाही.

दिव्याची गोष्ट सांगून कुणी वाद घालतो. जॉर्जियातल्या बटुमीत महिला विश्वचषकाला गेली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. अंतिम सामन्यात हंपीला हरवलं, 50 हजार डॉलर मिळाले आणि किताब थेट. नियमात तशी सोय आहे. पण एकदा सोसायटीतल्या शेजाऱ्याला लॉटरी लागली म्हणून आपण दर महिन्याला तिकीट काढत नाही.

मुली असलेल्या पालकांनी मात्र हिशेब वेगळा मांडावा. ओपन स्पर्धांत महिलांची वेगळी बक्षिसं असतात, शिवाय महिलांच्या स्वतंत्र स्पर्धा आणि ग्रां प्री, म्हणजे वरच्या खेळाडूंची टप्प्याटप्प्यांची मालिका. त्यातला एक टप्पा एप्रिल 2025 मध्ये पुण्यात झाला आणि हंपीने जिंकला. महिला ग्रँडमास्टर किताब 2300 ला मिळतो. त्याच रेटिंगच्या मुलापेक्षा मुलीला आमंत्रणं जास्त येतात. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळात मुली खेळत होत्या तेव्हा यातलं काही नव्हतं. मुंबईच्या खाडिलकर भगिनींनी तर पुरुषांच्या स्पर्धांत बसण्यासाठीच भांडणं केली.

पाचवी पायरी: लीग

परदेशी क्लब लीग हा हरला तरी मिळणाऱ्या पैशाचा सर्वांत शुद्ध नमुना. जर्मनीची बुंडेसलीगा घ्या: सोळा संघ, प्रत्येक सामन्यात आठ पट, शरदापासून वसंतापर्यंत शनिवार-रविवार. क्लब डावामागे ठरलेली रक्कम देतो, प्रवास आणि हॉटेल देतो. फ्रान्स, ऑस्ट्रिया, स्पेन, इंग्लंड, सगळीकडे लहान-मोठ्या लीग आहेत आणि खालच्या विभागांत 2400 च्या खेळाडूलाही जागा मिळते. कितीतरी ग्रँडमास्टर चार देशांच्या चार क्लबांकडून खेळतात आणि मधल्या दिवसांत ओपन स्पर्धा भरतात.

भारतातून हे करायचं तर विमानाचं तिकीटच सगळं मानधन खातं. म्हणून उन्हाळ्याचा एक सलग दौरा आखतात: दोन-तीन ओपन, मध्ये एक लीग, मुक्काम कुणा मित्राकडे. शेंगेन व्हिसाची तारीख तीन महिने आधी बघा. आयोजकांचं आमंत्रणपत्र, बँकेचं स्टेटमेंट, परतीचं तिकीट. मुलाखतीत 'चेस' म्हटल्यावर समोरचा माणूस हसतो, तेव्हा रेटिंगचं पान छापून सोबत न्या.

आपल्याकडेही पुण्यात 2013 मध्ये महाराष्ट्र चेस लीग सुरू झाली आणि संघमालक, लिलाव हे शब्द बुद्धिबळात आले. टेक महिंद्रा आणि फिडेची ग्लोबल चेस लीग डिसेंबर 2025 मध्ये मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये झाली. तिथे जागा मोजक्या आणि नावं ठरलेली. नवख्याने तिकीट काढून बघायला जावं.

सहावी पायरी: शिकवणं, म्हणजे खरा धंदा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं घर यावर चालतं आणि तुमच्यातल्या दहातल्या नऊजणांचंही यावरच चालेल.

बहुतेक जण चुकून सुरुवात करतात. शेजारच्या काकू म्हणतात, आमच्या बंटीला जरा शिकव. फी सांगायला लाज वाटते, म्हणून तुम्ही "द्या काहीतरी" म्हणता. तिथेच पहिली चूक होते. फी महिन्याची, आगाऊ, आणि सुट्टी घेतली तरी तीच. तासावर फी लावलीत तर परीक्षेच्या मार्चमध्ये आणि मे महिन्यात मामाच्या गावाला जाणाऱ्या मुलांमुळे तुमचं वर्षच दहा महिन्यांचं होतं.

शाळेत शिकवायला गेलात तर संस्था मध्ये असते. शाळा संस्थेला देते, संस्था तुम्हाला देते, आणि दोघींमध्ये बराच रस्ता असतो. लेखी करार नसेल तर शिकवू नका. एका अकादमीने मला तीन महिने "पुढच्या आठवड्यात नक्की" म्हणून फिरवलं. शेवटी पैसे दिले नाहीत, पटांचे वीस संच दिले. ते अजून वापरतोय.

फिडेची प्रशिक्षकांची प्रमाणपत्रं आहेत, इन्स्ट्रक्टरपासून सीनियर ट्रेनरपर्यंत. शाळा आणि परदेशी पालक ती विचारतात, म्हणून करून घ्या. चार दिवसांच्या सेमिनारने शिकवता येऊ लागतं असं मात्र समजू नका. 1200 च्या मुलाला शिकवणं हे 2200 च्या मुलाला शिकवण्यापेक्षा अवघड आहे. मोठा खेळाडू स्वतःहून विचारतो. छोटा घोडा फुकट देऊन हसतो, आणि तुम्हाला आठव्यांदा तेच तितक्याच उत्साहाने सांगायचं असतं.

ऑनलाइन क्लासने सगळं गणित बदललं. अमेरिका, सिंगापूर, दुबईतले मराठी आणि इतर भारतीय पालक डॉलरमध्ये फी देतात, आणि अमेरिकेतल्या मुलांची शाळा सुटते तेव्हा तुमची मध्यरात्र उलटलेली असते. किंमत दिवसाच्या वेळेने मोजावी लागते: रात्री दोनपर्यंत शिकवून सकाळी नऊला स्वतःची फेरी खेळता येत नाही. स्वतः खेळायचं असेल तर आठवड्याला किती तास शिकवणार ते आधी ठरवा आणि भिंतीवर लिहा. मी पंधरा लिहिले होते. दोन वर्षांत पस्तीस झाले आणि माझं रेटिंग 2260 वरून 2170 वर आलं. तक्रार नाही, फ्लॅट झाला.

वरच्या पातळीवर याच कामाला 'सेकंड' म्हणतात. मोठ्या खेळाडूसाठी ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, तयार करायची, रात्रभर इंजिन, म्हणजे संगणकाचा बुद्धिबळ प्रोग्रॅम, लावून फाइल बनवायची, सकाळी ती समजावून द्यायची. अनेक ग्रँडमास्टर स्पर्धांपेक्षा यातच जास्त कमावतात आणि करारामुळे बोलत नाहीत. त्यांचं नाव तुम्हाला यादीत दिसणार नाही.

बाकीचे छोटे झरे

ऑनलाइन स्पर्धा: किताब असेल तर चेस डॉट कॉमवर मंगळवारची स्पर्धा फुकट खेळता येते. पहिल्याला हजार डॉलर, पण समोर हिकारू नाकामुरा किंवा मॅग्नस कार्लसनसारखा जगातला अव्वल खेळाडू असू शकतो. उत्पन्न म्हणून धरू नका, सराव म्हणून खेळा.

कॅमेरा: 2020 च्या टाळेबंदीत विनोदवीर समय रैनाच्या स्ट्रीमवर नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी आला आणि ज्यांना कॅसलिंग माहीत नव्हतं ते लोक बुद्धिबळ बघायला लागले. मुंबईचा सागर शहा इंटरनॅशनल मास्टर आहे आणि चार्टर्ड अकाउंटंटही. त्याने आकडेमोड सोडून चेसबेस इंडिया हे बुद्धिबळाच्या बातम्या आणि व्हिडिओंचं व्यासपीठ उभं केलं. मराठीत नीट समजावून सांगणारे चॅनेल अजून फार कमी आहेत. बोलता येत असेल तर ही जागा रिकामी आहे. पहिली दोन वर्षं पैसे येणार नाहीत.

पंच: 1900 रेटिंगला अडकलात आणि खेळ सोडवत नाही, तर पंचांची परीक्षा द्या. पंचाला रोजचं मानधन, राहणं आणि जेवण मिळतं, आणि तो कधीच हरत नाही.

प्रायोजक: ग्रँडमास्टर अर्जुन एरिगैसीला क्वांटबॉक्स या कंपनीने 2024 मध्ये पाच वर्षांसाठी पंधरा लाख डॉलरचा करार दिला. प्रज्ञानंदला अदानी समूहाने पाठबळ दिलं. आता त्यांच्याकडे बघून कंपन्यांना ईमेल पाठवू नका. तुमचा प्रायोजक तुमच्याच तालुक्यात असतो: पतसंस्था, सराफ, साखर कारखाना, शाळेचा माजी विद्यार्थी. "मदत करा" म्हणून जाऊ नका. एक पान न्या. त्यावर पुढच्या सहा महिन्यांच्या चार स्पर्धा, प्रत्येकीचा खर्च, आणि त्यांचं नाव कुठे दिसेल ते लिहा. परत आल्यावर निकाल सांगायला जा, हरलात तरी. बहुतेक मुलं एवढंच करत नाहीत, आणि दुसऱ्या वर्षी पैसे का मिळाले नाहीत म्हणून नवल करतात. लहान वयोगटात देशात वरच्या क्रमांकांवर असाल तर राष्ट्रीय महासंघाचं तिमाही मानधन आणि तेल कंपन्यांची किंवा विमानतळ प्राधिकरणाची शिष्यवृत्तीही बघा.

कर, दोन वाक्यांत

कापलेल्या कराचं प्रमाणपत्र प्रत्येक आयोजकाकडून मागून घ्या, आणि अमेरिकेसारख्या देशात बक्षिसातून तिथलाच कर आधी कापतात हे लक्षात ठेवा. शिकवणीचं उत्पन्न आणि बक्षीस कागदावर वेगवेगळं दाखवायचं की कसं, ते सीएला विचारा, क्लबातल्या मित्राला नाही.

पहिल्या वर्षाचं वेळापत्रक

नुकतेच पदवीधर झालात आणि रेटिंग 2250 च्या आसपास आहे असं धरतो. जून ते ऑगस्ट: सात-आठ विद्यार्थी जमवा, निम्मे ऑनलाइन. त्यांच्या फीतून घरखर्चाचा वाटा आणि एका स्पर्धेचा खर्च निघाला पाहिजे. सप्टेंबर ते डिसेंबर: दोनच स्पर्धा, पण तयारी करून, मुक्कामाचं भाडं वाटून घ्यायला एक साथीदार गाठून. जानेवारीत खेळाडू कोट्याच्या जाहिराती बघा. त्या वर्तमानपत्रात आणि त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर येतात, आणि अर्जाची मुदत पंधरा-वीस दिवसांचीच असते. मार्च-एप्रिलमध्ये विद्यार्थी परीक्षेत असतात, तेव्हा स्वतःच्या एंडगेमवर बसा. मे महिन्यात शिबिरं घ्या, वर्षातली सगळ्यात मोठी रोख रक्कम तिथे मिळते.

मग ती वही उघडा आणि उजवं पान बघा. बक्षिसाच्या ओळी लाल शाईने खोडून उरलेल्याची बेरीज करा. ती डाव्या पानाच्या निम्मी जरी भरली तरी दुसरं वर्ष खेळा. नाही भरली, तर मे महिन्यातलं एक शिबिर वाढवा आणि बुडापेस्टचं तिकीट पुढच्या वर्षावर ढकला.